विश्लेषण : संगणक बदलला की सॉफ्टवेअर का अडते? वसईतील ‘ॲग्नेस’ यादीच्या तळाशी का जाते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांचे गाळे, विरार-नालासोपाऱ्यातील कर सल्लागारांची कार्यालये आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी छोटी केंद्रे यांच्यापुढे एकच प्रश्न आहे : धडधाकट चालणाऱ्या जुन्या संगणकाचे करायचे काय? लिनक्स फुकट मिळते, ती टाका, असा सल्ला लगेच दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण लिनक्स बसवल्यानंतर दुसऱ्या दिवशी हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत नाही, डिजिटल स्वाक्षरीची चावी ओळखली जात नाही आणि यादीतली काही मराठी नावे भलतीकडेच जाऊन बसतात. असे का होते?

नेमकी अडचण काय?

‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ‘सिक्युअर बूट’ची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर या यादीत बसतात. म्हणजे २०१६-१७ साली घेतलेला, आजही उत्तम चालणारा संगणक केवळ या अटीमुळे बाद ठरतो. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अद्ययावतनाची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवली. कार्यालयांना ती तीन वर्षे विकत घेता येते, मात्र पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. पाच संगणकांच्या कार्यालयाने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की सॉफ्टवेअर का चालत नाही?

सॉफ्टवेअर संगणकाशी थेट बोलत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर खिडकी दाखवणे, छपाईयंत्राला कागद सोडायला सांगणे ही सर्व कामे ते ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागते. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्याकडे ही मागणी करण्याची पद्धत वेगवेगळी आहे. तयार प्रोग्रामच्या फाइलची बांधणीही तिन्हींकडे निराळी. त्यामुळे प्रोसेसर तोच असला तरी विंडोजसाठी बांधलेला प्रोग्राम लिनक्सला जसाच्या तसा वाचता येत नाही.

यावर उपाय शोधणे नवे नाही. १९७३मध्ये युनिक्स ही प्रणाली ‘सी’ भाषेत पुन्हा लिहिली गेली, तेव्हापासून एकच मूळ संहिता वेगवेगळ्या यंत्रांवर नेता येते हे सिद्ध झाले. १९८८मध्ये ‘पॉझिक्स’ हे मानक आले. युनिक्ससारख्या प्रणालींनी कोणत्या मागण्या कोणत्या नावाने स्वीकाराव्यात हे त्यात ठरले. १९९५मध्ये आलेल्या जावाने तर एकदा लिहा आणि कुठेही चालवा, असेच आश्वासन दिले. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा ‘वाइन’ हा प्रकल्प १९९३पासून सुरू आहे. यातले काहीच फसले नाही, पण कशानेच प्रश्न संपलाही नाही. कारण मोठ्या फरकांची सोय झाली तरी बारीक फरक उरतात, आणि कार्यालयातले काम बहुधा तिथेच अडते.

हे बारीक फरक कोणते?

सर्वात साधा फरक ओळीच्या शेवटाचा. टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की दोन कामे व्हायची : गाडी उजवीकडे ढकलणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. विंडोजने या दोन्ही खुणा मजकुरात कायम ठेवल्या, युनिक्सच्या घराण्याने एकच ठेवली. लिनक्सवर तयार केलेली साधी मजकूर फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये वर्षानुवर्षे एका लांबलचक ओळीत दिसत असे, ती यामुळे. नोटपॅडला ही एक खूण समजायला २०१८ साल उजाडावे लागले.

दुसरा फरक फाइलच्या नावांचा. इंग्रजी नावातले लहान आणि मोठे अक्षर विंडोज एकच मानते, लिनक्स वेगळे मानते. त्यामुळे विंडोजवर नीट चाललेले संकेतस्थळ लिनक्सच्या सर्व्हरवर चढवले की निम्मी छायाचित्रे दिसत नाहीत. मराठीत लहान-मोठे अक्षर नसल्याने यातून आपण सुटलो, असे वाटेल. पण मराठीची स्वतःची अडचण आहे आणि ती कमी वेळा सांगितली जाते.

लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा सहसा २५५ बाइट असते. विंडोजवर ती २५५ अक्षरचिन्हांची असते. इंग्रजीत दोन्ही सारखेच, कारण एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे लिनक्सवर मराठी नावाला जेमतेम ८५ चिन्हांची जागा. आपल्या सरकारी कारभारात फाइलचे नाव म्हणजे पत्राचा अख्खा विषय असतो : कोणाच्या अर्जाबाबत, कोणत्या दिनांकाच्या पत्रान्वये, कोणत्या प्रभागात. विंडोजवर सुखाने राहणारी अशी फाइल लिनक्सवर नक्कल होतानाच नाकारली जाते. चूक कोणाचीच नसते, आणि पडद्यावर उमटणाऱ्या इंग्रजी संदेशावरून कारणही कळत नाही.

‘शेतकऱ्यांची यादी’ दोनदा का दिसते?

‘ऱ्या’मधला ऱ हे मराठीचे खास वैशिष्ट्य. यूनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा आहे; पण तोच ऱ साध्या र खाली नुक्ता देऊनही लिहिता येतो आणि यूनिकोडच्या नियमानुसार दोन्ही समान मानायचे असतात. तिसरी पद्धत म्हणजे र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर ‘ऱ्या’ तोच दिसतो, संगणकाच्या पोटात मात्र तीन वेगळ्या आकड्यांच्या मालिका असतात.

मॅकवर २०१७पर्यंत वापरात असलेली एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावे साठवताना अशा अक्षरांची फोड करून ठेवत असे. विंडोज आणि लिनक्स तसे करत नाहीत. त्यामुळे मॅकवरून आलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ आणि विंडोजवरची ‘शेतकऱ्यांची यादी’ लिनक्सच्या एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहू शकतात. एकात दुरुस्ती झाली, दुसरी तशीच राहिली, तर खरी यादी कोणती? मॅकची नवी एपीएफएस ही व्यवस्था नाव आहे तसे ठेवते आणि तुलना करताना दोन्ही रूपे समान मानते. जुन्या फाइली मात्र फोड झालेल्या नावांसह फिरत राहतात.

वसईतल्या ‘ॲ’चे काय?

वसईत हा प्रश्न अधिक टोचतो. येथील ख्रिस्ती समाजाची मराठीशी असलेली नाळ सर्वांना ठाऊक आहे. २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. या समाजात ॲग्नेस, ॲन्थनी, ॲल्बर्ट अशी नावे घरोघरी आहेत. आणि मराठी संगणकलेखनातले सर्वात त्रासदायक अक्षर नेमके तेच आहे.

यूनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती एप्रिल २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. काही जण हिंदीसाठी असलेला, ए वर चंद्र काढलेला ‘ऍ’ वापरत आणि आजही वापरतात. पुढे अक्षरे जुळवणाऱ्या काही प्रणालींनी अ आणि चंद्र ही जोडी अवैध ठरवली. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड ज्या ‘हार्फबझ’ या प्रणालीवर विसंबतात ती अशा ठिकाणी मध्ये एक तुटक गोल दाखवते. तो गोल टाळण्यासाठी मराठी संकेतस्थळांनी अ आणि चंद्र यांच्यामध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालायला सुरुवात केली. झाल्या चार पद्धती. ‘ऱ’च्या बाबतीत निदान नुक्त्याचे रूप आणि स्वतंत्र अक्षर समान आहेत असे यूनिकोड सांगते, ‘ॲ’च्या बाबतीत तेही नाही. अ अधिक चंद्र म्हणजे ॲ, असे मानायला कोणतीही प्रणाली बांधील नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्याने ते मुद्दाम सांगावे लागते.

परिणाम असा, की फोनच्या कळफलकावरून भरलेल्या अर्जातली ॲग्नेस आणि कार्यालयातल्या जुन्या संगणकावर टंकलेली ॲग्नेस या संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या बाया असू शकतात. नाव शोधले तर सापडत नाही, आणि ‘नोंद आढळली नाही’ हे उत्तर ऐकून माणूस परत जातो. यादीचा क्रम लावताना आणखी गंमत. यूनिकोडच्या तक्त्यात अ सुरुवातीला आहे, ह शेवटाकडे आणि उशिरा आलेला ‘ॲ’ त्याच्याही बराच पुढे. ज्या सॉफ्टवेअरने केवळ तक्त्यातल्या क्रमांकानुसार यादी लावली, त्यात ॲग्नेस ही हेलेनच्याही खाली जाते. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली ॲग्नेस मात्र अ च्या गटातच, आ च्या आधी बसते. मराठीचे क्रमनियम जाणणारी ग्रंथालये उपलब्ध आहेत, पण ती वापरायची हे कोणाला तरी सुचले पाहिजे.

तारखा शेजारी ठेवल्या की हा घोळ अटळ का होता ते दिसते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून वसई-विरार महापालिका स्थापन झाली ३ जुलै २००९ रोजी. ‘ॲ’ यूनिकोडमध्ये येऊन तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. राज्य सरकारने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत स्थान देणारा शासननिर्णय काढला तो त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला. त्या काळात कार्यालयोकार्यालयी असलेली विंडोज एक्सपी मात्र २००१ची. तिच्या मूळ मंगल फॉण्टला हे अक्षर माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. अक्षराच्या जागी चौकोन दिसला की टंकलेखकाने ‘ऍ’ टाकून वेळ मारून नेली असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. तो चौकोन मिटला, ‘ऍ’ विदेत राहून गेला.

जुन्या फॉण्टमधील मजकुराचे काय होते?

हे प्रकरण यूनिकोडच्याही आधीचे. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, सहकारी सोसायट्यांचे ताळेबंद यांचा मोठा साठा श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉण्टमध्ये आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉण्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की लॅटिन अक्षरांची रांगोळी दिसते. हे परिवर्तक वापरून यूनिकोडमध्ये आणता येते, फक्त जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. केंद्राने ई-प्रशासनासाठी यूनिकोड हेच मानक २००९मध्ये ठरवले. तरी डीटीपीच्या दुकानांत जुने फॉण्ट आजही रोजचे आहेत, कारण छपाईची जुनी सॉफ्टवेअरे त्यांच्याशीच जुळलेली आहेत.

ब्राउझरने हा प्रश्न सोडवला नाही का?

बराचसा सोडवला. रेल्वेचे आरक्षण, बँकेचे व्यवहार, सातबारा पाहणे ही कामे आता कोणत्याही प्रणालीवरच्या ब्राउझरमधून होतात. पण ब्राउझर मुद्दामच संगणकाच्या यंत्रभागांपासून दूर ठेवलेला असतो. सुरक्षेसाठी ते आवश्यकच आहे. जिथे बोटाचा ठसा घ्यायचा असतो किंवा यूएसबीतल्या चावीने स्वाक्षरी करायची असते, तिथे त्या भिंतीला दार पाडावे लागते. ते दार प्रत्येक प्रणालीसाठी वेगळे.

पूर्वी हे दार म्हणजे जावा ॲपलेट किंवा इंटरनेट एक्सप्लोररमधील ॲक्टिव्हएक्स. क्रोमने सप्टेंबर २०१५मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७मध्ये जुने प्लग-इन बंद केले, इंटरनेट एक्सप्लोररच १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्यावर उभी असलेली पोर्टले नव्याने बांधावी लागली. दक्षिण कोरियाने याची मोठी किंमत मोजली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे बँक व्यवहारांसाठी स्वदेशी सांकेतीकरण आणि सरकारमान्य प्रमाणपत्र ठरले, ते ॲक्टिव्हएक्सवर बांधले गेले आणि जगात इंटरनेटचा वेग मिरवणाऱ्या देशाला पुढची अनेक वर्षे विंडोज व एक्सप्लोररशिवाय साधे बिल भरणे अवघड झाले. त्या प्रमाणपत्राची सक्तीची मक्तेदारी डिसेंबर २०२०मध्ये संपली.

आपल्याकडे आता संगणकावर एक छोटा मदतनीस प्रोग्राम बसवतात आणि ब्राउझर त्याच्याशी आतल्या आत बोलतो. आधारच्या ठसा यंत्रांची ‘आरडी सेवा’ अशीच चालते. ब्राउझरमधले पान ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टवर तिला शोधते. रचना सुटसुटीत आहे. पण तो मदतनीस प्रोग्राम यंत्राच्या कंपनीने लिहायचा असतो, आणि कंपन्यांचा भर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडवर असतो. डिजिटल स्वाक्षरीचेही तसेच : विंडोजवर प्रमाणपत्रे प्रणालीच्याच कपाटात दिसतात, लिनक्सवर पीकेसीएस-११ नावाच्या वेगळ्या दुव्यातून जावे लागते. पोर्टलने एकाचीच सोय केली असेल तर दुसऱ्याने काय करायचे? बहुतेक कर सल्लागार उत्तर म्हणून कोपऱ्यात एक विंडोजचा संगणक ठेवतात.

कर सल्लागारांचे गाडे कुठे अडते?

टॅलीप्राइम हे मूळात विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर आहे. जीएसटी विवरणाचे ऑफलाइन साधन विंडोज ७ व पुढच्या आवृत्त्यांसाठी दिलेले आहे. प्राप्तिकर विभागाची एक्सेल साधने मॅक्रोंवर चालतात आणि मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये हुबेहूब चालतील याची खात्री देता येत नाही. हिशेब, विवरण आणि स्वाक्षरी या तीन पायऱ्यांपैकी एक जरी विंडोजवर अडकली तरी अख्खे कार्यालय विंडोजवर राहते. विकासकाची बाजूही समजून घ्यायला हवी. प्रत्येक नवी प्रणाली म्हणजे चाचणीचा नवा स्तंभ, मदतकक्षाला येणाऱ्या नव्या तक्रारी आणि दरवर्षीच्या बदलांनंतर हे सगळे पुन्हा. ग्राहकांपैकी बहुसंख्य विंडोजवर असतील तर उरलेल्यांसाठी हा खर्च कोण करणार? खासगी कंपनीने हे गणित केले तर ते धंद्याला धरून आहे. कायद्याने सक्तीचे असलेले विवरण भरण्याचे साधन देणाऱ्या सरकारी यंत्रणेने तेच गणित करणे पटत नाही.

इतरांनी हे जमवले का?

म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले आणि २०१३पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदललेही. खात्यांची कित्येक खास सॉफ्टवेअरे मात्र विंडोजवरच राहिली, दोन्ही सांभाळण्याचा ताण आला, राजकीय पाठिंबा ओसरला आणि २०१७मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. लिनक्स वाईट म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे. अडले ते विंडोजशी बांधलेल्या खात्यांतर्गत सॉफ्टवेअरपाशी. केरळने उलट वाट धरली. शाळांत २००८च्या सुमारास लिनक्स रुजवताना अभ्यासाचे साहित्य, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि परीक्षाही त्याच प्रणालीवर आणल्या, त्यामुळे मागे विंडोजवर अडकलेले काही उरलेच नाही. सी-डॅकने २००७पासून ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स दिली आहे. प्रणालीची वानवा कधीच नव्हती.

महापालिकेच्या निविदेत काय तपासता येईल?

केंद्राचे खुल्या मानकांचे धोरण २०१०चे, मुक्त सॉफ्टवेअरचे २०१५चे. निविदांत ‘यूनिकोडसुसंगत’ हा शब्द असतोही. पण ‘सुसंगत’ म्हणजे काय, हे चाचणीच्या ओळींत उतरले नाही तर तो शब्द शोभेचा राहतो. ‘ॲन्थनी’ चारही पद्धतींनी टंकून एकच नोंद सापडते का? ‘शेतकऱ्या’तला ऱ तिन्ही रूपांत शोधता येतो का? यादी मराठी क्रमाने लागते का? लिनक्सच्या सर्व्हरवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल विंडोजच्या एक्सेलमध्ये मराठीच दिसते, की लॅटिन चिन्हांचा चिवडा? (फाइलच्या आरंभी तीन बाइटची एक खूण घातली की हा चिवडा टळतो, ती घालायला विकासकाला एक ओळ पुरते.) स्वाक्षरी तिन्ही प्रणालींवर होते का? अशा चाचणीला अर्धा दिवस लागतो.

ज्यांच्याकडे जुना संगणक आहे त्यांना लिनक्स बसवण्याआधी ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. मूळ विंडोजला धक्का लागत नाही. तेवढ्या वेळात छपाईयंत्र लावून पाहावे, स्वाक्षरीची चावी घालून पाहावी, जुनी एक मराठी फाइल उघडावी. घरगुती वापराचा, ब्राउझर आणि पत्रलेखनापुरता संगणक असेल तर बहुधा काही अडणार नाही. हिशेबाचा असेल, तर टॅली, जीएसटीचे साधन आणि स्वाक्षरी यांची आधी एकेक करून खात्री करावी आणि तोवर विदेची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी.